रायफलचा धक्का कमी करायला आधी पैसे कुठे घालावेत

देवळालीला तोफांचा सराव पाहिला असेल, तर एम-७७७च्या नळीच्या टोकाला बाजूंनी फटी असलेलं जाड तोंड लक्षात राहिलं असेल. तो मझल ब्रेक. गोळ्यामागून येणारा वायू त्या फटींतून बाजूला आणि थोडा मागे वळतो, त्यामुळे तोफ कमी मागे रेटली जाते. तसाच छोटा ब्रेक रायफलसाठीही मिळतो. पण तो घ्यावा का, हे रायफल कोणती यावर ठरतं.

नाशिकमध्ये १० मीटर एअर रायफल किंवा .२२ वर (०.२२ इंच व्यासाच्या छोट्या गोळीच्या रायफलवर) सराव करत असाल तर घेऊ नका. .२२ ची गोळी २.६ ग्रॅमची, दारू ०.१ ग्रॅमच्या आसपास. पाच किलोच्या रायफलचा धक्का ०.१ ज्यूलही भरत नाही, आणि वळवण्याइतका वायू जवळजवळ नसतोच. शिवाय आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमांत रायफलवर मझल ब्रेकला बंदी आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलवर 'ब्रेक' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणताना धरायचा दांडा असतो. स्प्रिंगचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे सरकते, आणि पिस्टन हवेच्या गादीवर थांबला की उलट पुढे खेचली जाते. म्हणूनच साधा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) तिच्यावर टिकत नाही, एअरगनसाठी बनवलेलाच लागतो. आणि रायफल खांद्यात आवळून धरू नका, डाव्या तळव्यावर सैल टेकवा. आवळली की छर्रे पसरतात.

खरा प्रश्न मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीचं आतलं भोक मोठं असलेल्या रायफलींचा. .३०-०६ हे काडतूस घ्या: गोळी ११.७ ग्रॅम, वेग सुमारे ८२० मीटर प्रतिसेकंद, दारू साडेतीन ग्रॅम. ३.६ किलोच्या रायफलवर धक्का साधारण २७ ज्यूल. त्या रेट्यात वायूचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास असतो. ब्रेकने तेवढा काढला तर ऊर्जा अर्ध्याखाली येते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. त्याऐवजी दस्त्यात अर्धा किलो वजन घातलं तर १२ टक्के घट मिळते. म्हणजे ब्रेक खरंच काम करतो, यात शंका नाही.

तरीही पहिले पैसे पॅडवर, म्हणजे दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाला बसणाऱ्या रबराच्या गादीवर घाला. पॅड ऊर्जा कमी करत नाही, धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतो. खांद्याला फरक जाणवतो तो त्याचाच. जुना पॅड अंगठ्याच्या नखाने दाबून बघा: नख रुतत नसेल, कडेला बारीक भेगा दिसत असतील, तर रबर मेलेलं आहे. बदलताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे २५ मिलिमीटरचा नवा पॅड दस्ता न कापता बसवणं. लांबी तेवढी वाढते, मान पुढे ताणावी लागते, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि धक्का उलट जास्त बसतो. दस्ता पॅडच्या जाडीइतका कापा, जुन्या पॅडची जाडी त्यातून वजा करून. कापताना रेषेवर मास्किंग टेप चिकटवा, नाहीतर लाकडाच्या कडा उडतात. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा आणि स्क्रूला मेण लावा. पॅडसकट लांबी आधीपेक्षा कमी झाली तर डोळा स्कोपजवळ येतो, तेव्हा स्कोप पुढे सरकवा. ८५-९० मिलिमीटर अंतर राहिलं नाही तर कडा भुवईवर बसते.

एवढं करूनही धक्का सोसत नसेल तर ब्रेक. नळीवरचे आटे परवानाधारक कारागिराकडूनच पाडून घ्या, आणि ते नळीच्या बाहेरच्या अंगाला नव्हे, आतल्या बोअरला समांतर हवेत. ब्रेकचं भोक गोळीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठं असतं, त्यामुळे आटे थोडे तिरके झाले तरी गोळी आतल्या भिंतीला घासते. बसवल्यावर गोळी वेगळ्या जागी लागते, झिरो (स्कोपचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवणं) पुन्हा करावं लागतं. आवाज मागे फिरतो: कानात प्लग आणि वरून मफ (कान झाकणारे कप), दोन्ही लावा, आणि शेजारच्या लेनवाल्यालाही आधी सांगा. जमिनीवर झोपून मारणार असाल तर खालच्या बाजूला फटी नसलेला ब्रेक निवडा, नाहीतर पहिल्याच गोळीला धूळ उडून लक्ष्य दिसेनासं होतं.