अर्धा गुण

परवा जेवणं उरकून लॅपटॉप उघडला तर एक्सेलचा तक्ता येऊन पडलेला. बालकुपोषणावर जगाने आधी कोणतं संशोधन करावं, याला गुण द्यायचे. वीस वर्षं अंगणवाड्या पालथ्या घातल्यात, म्हणून माझं नाव कुणीतरी पुढे केलं असणार.

पद्धत सीएचएनआरआयची, म्हणजे बालआरोग्य आणि पोषण संशोधन उपक्रमाची, एडिंबरा विद्यापीठातले इगोर रुदान आणि मंडळींनी बसवलेली. आधी सगळ्यांनी प्रश्न सुचवायचे, मग प्रत्येक प्रश्न निकषांवर घासायचा: उत्तर मिळेल का, उपाय लागू पडेल का, लोकांपर्यंत पोचेल का, आजाराचा भार कितीसा उतरेल, गरिबाच्या वाट्याला येईल का. हो म्हणजे १, नाही म्हणजे ०, धड सांगता येत नसेल तर ०.५. विषयच ठाऊक नसेल तर रकाना कोरा. सरासरी काढली की लागला क्रम. चार बड्यांनी बंद खोलीत ठरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मी पाठवलेला प्रश्न साधा होता. टीएचआरचं, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायला देतात त्या पूरक आहाराचं पाकीट घरी गेल्यावर जातं कुणाच्या पोटात?

नंदुरबारातल्या धडगावकडचं एक घर डोक्यातून जात नाही. दीड वर्षाच्या पोराचा दंडघेर ११.४ सेंमी, मोजपट्टी लाल. साडेअकराच्या खाली म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. पाकीट कोपऱ्यात, फोडलेलं. त्यातलं शिऱ्याचं पीठ आईने भाकरीच्या पिठात मिसळलं होतं. मी विचारलं तर ती पावरी बोलीत काहीतरी बोलली आणि हसली. सेविकेने सांगितलं, "ताई, ती म्हणतेय, चार पोरं ताटाभोवती बसल्यावर एकालाच कसं वाढू?"

यादीत माझा प्रश्न सापडेना. तीन प्रश्न एकत्र करून ‘पूरक आहाराचे अनुपालन’ अशी ओळ केली होती. अनुपालन! चार पोरं त्या शब्दात कुठे बसायची?

तरी गुण द्यायला घेतले. पहिलाच रकाना, उत्तर मिळेल का? हातात फॉर्म धरून विचारलं तर प्रत्येक घर "हो, बाळच खातं" म्हणणार, मीच हजारदा लिहून घेतलंय. चूल पेटल्यापासून भांडी घासेपर्यंत नुसतं बसून राहिलं तर कळेल. त्याला पैसे कोण देणार? माझ्याच प्रश्नाला ०.५.

मग आठवलं ते पुण्याचं. १९९३ साली तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५ची. बाकी सगळं बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. एवढंसं बाळ आणि चरबीचं? तेव्हा हा प्रश्न तक्त्यात टाकला असता तर किती जणांनी १ दिला असता कोण जाणे. मी तरी नसता दिला.

शुक्रवारपर्यंत पाठवायचंय. ०.५ खोडून १ केला, झोपायच्या आधी परत ०.५.