जिमाच्या फिस्टुला कॅम्पहून परत आले, जाणाऱ्यांसाठी थोडं

मी परळला ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली. सुट्ट्या साठवून साठवून तीन आठवडे इथिओपियात जिमाला फिस्टुलाच्या कॅम्पला जाऊन आले. फिस्टुला म्हणजे बाळ दोन-दोन दिवस अडून बसतं, डोक्याच्या दाबाने मूत्राशयाची तेवढी जागा मरते, भोक पडतं आणि मग बाईची लघवी रात्रंदिवस गळत राहते. आपल्याकडे वेळेवर सिझर होतं म्हणून इतक्या वर्षांत मी अशा मोजक्याच केसेस पाहिलेल्या, तिथे एका वॉर्डात बावीस.

आधी कागदं. यलो फीव्हरची लस निघायच्या १० दिवस आधी तरी घ्या, मी सहारला एअरपोर्ट हेल्थवाल्यांकडे घेतली. कार्ड जपा, परतताना नसलं तर इथे ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. टाके-कॅथेटर नेणार असाल तर यादी आणि तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र हवंच. आमच्याकडे नव्हतं, दोन खोके कस्टममध्ये अडकले ते आम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी सुटले, काय उपयोग!

घड्याळाचं तर विचारूच नका. तिथे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे सातला एक वाजतो. 'ओटी दोन वाजता' ऐकून मी निवांत कपडे धूत बसले आणि आठलाच पेशंट टेबलावर.

शाकाहारींनी शिरो मागायचा, गोड नाही हो, आपलं पिठलंच पण झणझणीत. इंजेरा म्हणजे तिथली आंबोळीसारखी पोळी, आंबट लागते, दोन दिवसांत सवय होते. अम्हारिक शब्द पाठ करून गेले तर निम्म्या बायका ओरोमो बोलणाऱ्या, पण 'आयझोश' म्हणजे घाबरू नकोस बाई, एवढं सगळ्यांना कळायचं.

आता खरं सांगते, सर्जन मंडळींना राग आला तरी चालेल. ऑपरेशन दोन तासांत होतं, पण लघवीची नळी (कॅथेटर) त्यानंतर तिथे १०-१४ दिवस ठेवायचे आणि एका रात्री जरी ती तुंबली तरी मूत्राशय फुगून टाके तुटू शकतात, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दर दोन तासांनी पिशवी बघायची, नळी पायाखाली पिळवटली नाही ना बघायचं, पाणी पाजत राहायचं. बायका पाणीच पीत नाहीत, वर्षानुवर्षं गळू नये म्हणून न पिण्याची सवय लागलेली. आमची अर्धी टीम आठव्या दिवशी फोटो काढून निघाली. नळ्या निघेपर्यंत थांबता येत नसेल तर निदान पहिल्या रात्रीपासून तिथल्या सिस्टरांबरोबर राउंड मारा. माझ्या जोडीची सिस्टर नुसतं पिशवीतल्या लघवीकडे बघून कुठली नळी तुंबणार ते आधीच सांगायची, मीच तिच्याकडून शिकून आले.