पाण्याची वाटी

१२ जुलै

आमच्या बोक्याला, बंड्याला, जाऊन आज नववा दिवस. आई अजूनही पहाटे मागचं दार उघडते, जराशी उभी राहते आणि लावून घेते. १४ वर्षं तो रात्रभर हिंडून याच दारातून आत यायचा. आता नुसती पावसाची झड येते.

मला राहून राहून पाणीच आठवतं. मार्चपासून तो सारखा पाणी प्यायचा. आधी वाटी रिकामी करायचा, मग बादलीत तोंड, मग तुळशीच्या कुंडीखालची ताटली. आम्ही दोघी कौतुक करत होतो, "उन्हाळा बाधू नये म्हणून बघ कसा जपतोय स्वतःला!" डॉक्टरांनी नंतर सांगितलं, मांजराच्या किडन्या तीन-चतुर्थांश कामातून जाईपर्यंत रक्ताच्या तपासणीत फारसं काही दिसत नाही. त्याआधी दिसतं ते हेच, पाणी जास्त आणि लघवी जास्त. म्हणजे तो आमच्या डोळ्यांदेखत सांगत होता. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडन्या बिघडल्या की वाढणारा आकडा, ७ च्या वर गेलं तेव्हा आम्ही ऐकलं.

शेवटचे १७ दिवस सलाइन मीच लावलं. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलायची आणि सुई आत. १०० मिली गेलं की तिथे उंटासारखा फुगवटा यायचा आणि हळूहळू एका पायाकडे उतरायचा. पहिल्या दिवशी सुई कातडीच्या आरपार गेली नि सगळं सलाइन माझ्या मांडीवर. बंड्या हूं की चूं नाही. हाच बोका अंगणात फुरशासारख्या विषारी सापासमोर पाठ फुगवून उभा राहिलेला मी पाहिलाय.

त्यात पावसाळ्यामुळे मासेमारी बंद. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या नांगरलेल्या. घरात होता तो खारा बांगडा, आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. आयुष्यभर मासळीवर वाढलेला जीव शेवटी उकडलेल्या कोंबडीकडे बघून मान फिरवून गेला, याची चुटपुट आईला माझ्याहून जास्त आहे.

शेवग्याखाली पुरला. खाली सगळा जांभा, दोन फूट खणताना हात सोलून निघाले.

२ ऑगस्ट

ठाण्याहून दादाने पर्शियन पिल्लाचे फोटो पाठवले. आई चष्मा लावून बघत राहिली. "याच्या नाकावर कोणी दार आपटलंय का रे?" मग फोन माझ्याकडे देत, "आणि मला आता कोणीच नकोय. जीव लावायचा नि मग खड्डा खणायचा."

११ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, बाजारात ताजी मासळी आली. आमच्या नेहमीच्या मावशीच्या टोपल्यामागे एका खोक्यात तीन पिल्लं. त्यातलं एक हुबेहूब बंड्या! तेच करडे पट्टे, कपाळावर तसाच एम. माझा हात आपोआप गेला. आईने मनगट धरलं.

"तो नको."

"अगं, पण बघ तरी..."

"बघितला. रोज त्याच्यात बंड्या शोधत बसशील आणि त्या बिचाऱ्याचं काही खरं नाही."

आणि जिला 'कोणीच नको' होतं, तिने स्वतःच्या हाताने काळी-पिवळी-पांढरी चिंधी उचलली. मी विचारलं, बोका की भाटी? मावशी हसली, "तीन रंगाची म्हणजे भाटीच गो!" मला ती थाप वाटली. वर दोन बांगडे फुकट दिले, म्हणून तर संशय आणखी वाढला.

१९ ऑगस्ट

थाप नव्हती. काळा आणि पिवळा, दोन्ही रंग अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, त्यामुळे तिरंगी बोका अगदीच क्वचित, असं डॉक्टर म्हणाले. जंताचं औषध झालं, पहिली लस झाली, पुढची तीन आठवड्यांनी. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर.

नाव अजून नाही. आई 'ए बये' म्हणते आणि ती येते.

काल मी वाटीला आतून मार्करने रेघ मारली, रात्री किती पाणी प्यायली ते कळावं म्हणून. आईने बघितलं, बोलली नाही. सकाळी पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली. माझ्या पोटात गोळा. मग बया आली, वाटीत पंजा बुडवला, फरशीभर पाणी उडवलं आणि त्यात स्वतःच घसरून पडली.