बेन मराठीत आल्या

गुरुवार, रात्री साडेदहा

आज रिसेसमध्ये नळावर हात धुवायला गेले, तर कडुलिंबाखाली माझ्याच चौथीतल्या चार मुली शाळा-शाळा खेळत होत्या. बाई झालेलीनं रुमाल पदरासारखा खांद्यावर टाकलेला, हातात कडुलिंबाची काडी. गुजरातीत दोन वाक्यं शिकवून झाली आणि एकदम आवाज चढवून म्हणाली, “एऽऽ गप्प! काय चाललंय काय!” बाकीच्या तिघी तोंडावर बोट ठेवून चिडीचूप.

मला आधी हसू आलं. मग कानात अडकला तो ‘चाललंय’मधला च. चमच्यातला च, दातांमागून काढलेला. आमच्या शेजारचे गुजराती काका तीस वर्षं बडोद्याच्या मराठमोळ्या दांडिया बाजारात राहून अजून तो च काढू शकत नाहीत. ह्या नऊ वर्षांच्या गुजराती मुलीला तो जमला, तो काही मी शिकवला म्हणून नाही. ऐकून ऐकून बसला.

शिकवते मी गुजरातीत. घरी आई, म्हणजे सासूबाई, आणि आम्ही सगळे मराठी. दिवसभर जीभ बरोबर रुळावर असते, डोकं फिरलं की घसरते. वर्गाला ते पाठ आहे. मी मराठीत एक शब्द काढला की मागच्या बाकावरून कुजबुज येते, “बेन मराठीमां आवी गयां.” बाई मराठीत आल्या. भोंगाच तो. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये किती वेळा रंगवून सांगितला असेल. थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

आत्ता जेवणानंतर बोटांवर मोजलं. गप्प. अक्कल. कार्टं. किती वेळा सांगायचं. डोकं नका खाऊ. माझ्या अडतीस पोरांना मराठी येतं ते एवढं.

शुक्रवार

सकाळचं आधी लिहून ठेवते. गणिताच्या तासाला ‘ह’ ह्या पोरानं कंपासपेटी तिसऱ्यांदा पाडली. फरशीवर पत्रा आपटतो तो आवाज. माझं तोंड उघडलं होतं, ‘अक्कल’मधला अ ओठांवर आला होता, आणि तेवढ्यात कालच्या मुलीनं पाठ ताठ केली. बोट ओठांकडे निघालंच होतं तिचं. मी तोंड मिटलं. खडू मोडला, तो वाकून उचलला, त्यात चार-पाच सेकंद गेले.

गेल्या महिन्यात आम्हाला एक दिवसाची तालीम होती, शिक्षकांची सामाजिक-भावनिक कौशल्यं. एसीचा हॉल, चार्टपेपर, रंगीत चिठ्ठ्या. पहिलंच काम, आत्ता कसं वाटतंय ते चिठ्ठीवर लिहा. झाडून सगळ्यांनी ‘हॅपी’ लिहिलं. चहाच्या सुटीत तेच सगळे बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामावरून आणि ऑनलाइन माहिती भरण्यावरून धुमसत होते. निवडणुकीचं काम शिक्षकाला लावता येतं, कायद्यातच तशी मोकळीक आहे, त्यामुळे धुमसण्यापलीकडे काही हातात नाही. पण चिठ्ठीवर हॅपी.

मग फळ्यावर पाच कौशल्यं आली. कॅसल नावाच्या अमेरिकन संस्थेची मांडणी आहे ती: स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याचं मन जाणणं, नाती सांभाळणं, जबाबदारीनं निर्णय घेणं. माझ्या आजीनं एका श्वासात सांगितलं असतं, म्हणून मी वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत बसले. शेवटी ‘वर्गात नेहमी हसतमुख राहा’ असा सल्ला मिळाला, तेव्हा तर वैतागच आला. हसू हा कामाचाच भाग झाला की माणसाला आपलं खरं काय वाटतंय तेच कळेनासं होऊ शकतं, असं आर्ली हॉकशील्ड ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय, विमानातल्या हवाईसुंदऱ्यांचं काम बघून. आमचं विमान तर उतरतही नाही.

पण फुलं काढता काढता दोन गोष्टी कानावर पडल्या होत्या, त्या आज वर आल्या.

एक, मेरी बड रो ह्या संशोधक बाईंची. १९७०च्या सुमारास त्यांनी वर्गातलं बोलणं टेप करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात नाहीतर दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद! मला वाटलं, मी तर थांबतेच. आज भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. पहिल्या तीन प्रश्नांना एकदाही दोनच्या पुढे गेले नाही. गप्प वर्ग मला सहनच होत नाही, हे मला आज कळलं. आणि गप्प व्हा म्हणून ओरडणारीही मीच.

चौथा प्रश्न मुद्दाम ‘ह’ला. तेवीस लाडू चौघांत सारखे वाटले तर? तो उभा राहिला, बाकाची कड खरवडू लागला. मी मनात मोजत होते. एक. दोन. तीन. कोणीतरी हात वर केला, त्याला डोळ्यांनीच बसवलं. सहा. सात. “पांच-पांच,” तो म्हणाला. मी तरी थांबले. “त्रण वधे. पण ए पण कोकने तो आपवा पडे ने?” तीन उरले, पण तेही कोणाला तरी द्यायलाच लागतील ना. वर्षभरात त्याचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. उत्तर पुस्तकातलंच आहे, पण उरलेल्या लाडवांची काळजी पुस्तकात नाही.

दुसरी गोष्ट नाव देण्याची. २००७ मध्ये लीबरमन ह्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं. शब्द दिला की मेंदूतला अमिग्डला, धोका दिसला की खवळतो तो भाग, कमी खवळायचा. त्यावर मी आज घरी येताना सुरसागर तलावाच्या बाजूनं स्कूटर हळू चालवत विचार केला: कंपासपेटी पडली तेव्हा मला नक्की काय झालं होतं? राग म्हणावा तर त्या पोरावर नव्हता. चीड? वैताग? खरं तर धास्ती होती. माहिती भरायची शेवटची तारीख आजची आणि साइट उघडत नव्हती. साहेब कधीही दारात येतील, ही धास्ती. ती कंपासपेटीवर निघणार होती.

आईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी मास्तर सरळ छडी हाणायचे, नाव कसलं देताय?” मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता, “तुझे सासरे मात्र पोळीवर राग काढायचे.”

सयाजीरावांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याचा बडोदेकराला कोण अभिमान, मलाही. पोर शाळेत आलंच पाहिजे, हा कायदा झाला. आल्यावर त्याला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही, हे देशभरासाठी लेखी यायला २००९ उजाडलं, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. त्यातला मारण्याचा भाग मी कधीच मोडला नाही, म्हणून मी स्वतःला चांगल्या बाईंमध्ये धरत आले. दुसऱ्या अर्ध्याबद्दल कडुलिंबाखालच्या बाईंना विचारायला हवं.

शनिवार, दुपार

सकाळची शाळा. ठरवून गेले होते की आज एकदा तरी मराठीत काहीतरी बरं बोलायचं. आई म्हणाल्या होत्या, “शाब्बास म्हण, ते सगळ्यांना कळतं.” पण शाब्बास गुजरातीतही चालतं, त्यात आपलं काय?

संधी ‘ह’नंच दिली. भागाकाराची पाच उदाहरणं, पाचही बरोबर, रेघा पट्टीनं मारलेल्या. वही हातात घेतली आणि अगदी मनापासून म्हटलं, “अरे वा! किती छान केलंयस रे!”

वर्ग गार. पंखा ऐकू यायला लागला. मागून कुजबुज आली, तीच. ‘ह’नं माझ्याकडे न बघता कंपासपेटी टेबलावरून उचलली आणि हळूच दप्तरात सारली. पहिल्या बाकावरची, परवा कडुलिंबाखाली बाई झालेली, बोट अर्धवट ओठांवर, मला विचारते, “बेन, गुस्से छो?”

“नाही गं,” मी म्हटलं. आणि तेही मराठीतच.