पॉक्सो केसमधली भाचीची साक्ष, माझा अनुभव

नाव, गाव, शाळा काही सांगणार नाही, मुलाची ओळख उघड करायला पॉक्सोमध्येच (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) बंदी आहे. ताईबरोबर पहिल्यापासून मी होते आणि जो तो एकच विचारायचा, एवढ्याशा पोरीच्या बोलण्यावर कोर्ट विश्वास ठेवतं का? ठेवतं. साक्षीला वयाची अट नाही, प्रश्न कळतोय आणि नीट उत्तर देता येतंय एवढं जजना पटायला हवं, मग साक्ष भरवशाची वाटली तर दुसरा साक्षीदार नसला तरी शिक्षा होते. कोर्टाला धास्ती असते ती पढवलेल्या साक्षीची. म्हणून सरकारी वकिलांनी बजावलं होतं, घरी घोकून घेऊ नका. नातेवाईकांचं मात्र चालूच, तारीख तरी पाठ करून घ्या!

कायद्यात ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल असं आहे, आमची पोरगी साक्षीपर्यंत दोन इयत्ता पुढे गेली.

त्या दिवशी बाहेरचं कोणी आत नव्हतं, आरोपी पडद्यापलीकडे, ताईची स्वतःची साक्ष बाकी म्हणून तिला बाहेर थांबवलं आणि भाचीजवळ मी बसले. जज मॅडमनी आधी शाळेचं विचारलं, मग खोटं बोललं तर काय होतं, तर म्हणाली पाप लागतं आणि शाळेतल्या बाईसुद्धा ओरडतात. शपथ कशाशी खातात ते तिला कळत नव्हतं, बारा वर्षांखाली शपथेशिवाय साक्ष चालते, तशीच घेतली. आरोपीचा वकील थेट विचारू शकत नाही, तो प्रश्न जजना देतो आणि त्या विचारतात. मधेच आलं, काय बोलायचं ते आईने सांगितलंय का? ही सरळ हो म्हणाली! माझ्या पोटात गोळा. मॅडमनी लगेच विचारलं, काय सांगितलंय? "घाबरू नको, खरं ते सांग."

तारीख आणि फ्रॉकचा रंग तिचा चुकलाच. पण निकालात लिहिलंय की पोलिस, मॅजिस्ट्रेट आणि कोर्ट, तिन्हीकडे मूळ घटना तीच आहे, बाकीची तफावत या वयात होणारच. पॉक्सोच्या कलम २९ नुसार कोर्ट गुन्हा झालाय असं गृहीत धरतं हे खरं, पण मूळ गोष्टी सरकार पक्षाला आधी दाखवाव्याच लागतात, नुसतं कलम पुरत नाही.

शिक्षा पॉक्सोच्या कलम १० खाली (गंभीर स्वरूपाचा लैंगिक हल्ला), किमान ५ कमाल ७ वर्षं. त्याच्या वकिलाने पहिलाच गुन्हा, म्हातारे आईवडील वगैरे सगळं मांडलं, पण किमानच्या खाली जायचा अधिकार जजनाही नाही, त्या मुद्द्यांनी फरक पडतो तो ५ आणि ७ च्या मधेच. ५ च मिळाली. ताई भडकली, मला मात्र पोरीचं खरं ठरलं हे जास्त मोठं वाटलं.

आणि हो, एफआयआर झाल्यावर कधीही अंतरिम भरपाईचा अर्ज करता येतो, निकालापर्यंत थांबायची गरज नाही. आम्हाला ते फार उशिरा कळलं, तुम्ही आपल्या वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा.