ऐतिहासिक मालिकांमधला खान्देशी माणूस बोलतो तरी कसा?

ऐतिहासिक मालिका लावली की सेट भारी असतो, दागिने, तलवारी, नऊवारी, सगळ्यावर खर्च केलेला दिसतो, पण पात्रांनी तोंड उघडलं की सतरावं शतक गायब. राजा, सरदार, हेर, दासी, सगळे एकाच सुरात, छाती काढून, संस्कृत शब्दांनी ठासून भरलेलं बोलणार आणि मधेच "काळजी घे" म्हणत निरोप घेणार. हे आजचं फोनवरचं मराठी मावळ्याच्या तोंडी कसं काय?

तेव्हाची पत्रं वाचा ना. महाराजांचं मे १६७४ चं, चिपळूणकडच्या लष्कराला लिहिलेलं पत्र घ्या. दाणावैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील, दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, कुणब्यांकडचे दाणे, भाजी उचलायला लागलात तर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. इतकं साधं, इतकं बारीक! असा बोलणारा राजा बघायला मला फार आवडेल.

आणि फौज, मुलूख, हुकूम, अर्ज, खजिना हे शब्द तर त्या काळच्या कागदांत पानोपानी आहेत. कारभारात फारसी एवढी रुळली होती म्हणून तर त्या शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. मालिकेत मात्र फारसी शब्द फक्त खलनायकाच्या दरबारात, आपल्याकडे सगळी "आज्ञा". हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्याने इतिहासच वेगळा दिसायला लागतो.

आमच्या खान्देशचं तर विचारूच नका. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणं, धरणगावात इंग्रजांची वखार, म्हणजे या पट्ट्यात किती भाषांचे लोक येत-जात असतील. पण इथला व्यापारी किंवा शेतकरी मालिकेत आला की तेच ठरलेलं सातारा-कोल्हापूरच्या वळणाचं "ग्रामीण" बोलतो. अहो, आमच्याकडे मला, तुला, काय आहे याला "माले", "तुले", "काय शे" म्हणतात! तेव्हाची बोली जशीच्या तशी नकोच, प्रेक्षकाला कळायला पाहिजे हे मान्य, पण एखाद्या सीनमधे "कोठे जाई ऱ्हायना रे भाऊ?" आलं तर कोणाचं काय अडणार आहे?

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद जमवले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले, त्यांच्या नावाचं. संवाद लिहिणाऱ्यांनी आधी ते खंड तरी चाळावेत. सेटवर घोड्यांसाठी माणूस असतो, मारामारीसाठी फाईट मास्तर असतो, तसा भाषेसाठीही एक माणूस ठेवा, आणि गोष्ट खान्देशातली असेल तर तो साक्री-शिरपूरकडचाच ठेवा, त्याचं नाव टायटलमधे द्या आणि पैसेही नीट द्या.