नव्या स्टॉकला बेडिंग लागतं का? माझा अनुभव

रायफलीचा लाकडी स्टॉक, म्हणजे दस्ता, पावसाळ्यात फुगतो, हे ठाण्यातल्या शूटरला वेगळं सांगायला नको. जुलैतला झीरो, म्हणजे साइटची जुळवलेली नेमबैठक, जानेवारीत राहत नाही. या त्रासापायी मी माझ्या ०.२२ रायफलीला दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक घेतला. विकणाऱ्याचं म्हणणं, बेडिंगची, म्हणजे स्टॉकमध्ये इपॉक्सीचा (सुकून कडक होणाऱ्या रसायनाचा) थर देऊन रायफल नीट बसवण्याची, गरजच नाही. दोन स्क्रू आवळा आणि खेळा.

५० मीटरवर लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. वरळीच्या रेंजवर, रायफल रेस्टवर (टेकूवर) ठेवून, त्याच लॉटच्या गोळ्यांनी मारून पाहिलं, तर अधूनमधून एखादी गोळी विनाकारण नऊला जायची. साइट घट्ट होती, बॅरल (नळी) आणि फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) यांच्यामधून कागद सहज सरकत होता. आमचे सर म्हणाले, "इपॉक्सीला हात लावण्याआधी अ‍ॅक्शन वाकतेय का ते बघा." अ‍ॅक्शन म्हणजे बोल्ट बसतो तो, स्टॉकला स्क्रूंनी जोडलेला रायफलीचा भाग.

वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या वर्कशॉपमधून डायल गेज (बारीकशी हालचाल काट्याने दाखवणारं मापयंत्र) आणला. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढला. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून स्टँड बॅरलवर बसवला आणि काटा फोरएंडला टेकवला. पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला तसा काटा सरकत गेला, जवळपास ०.१५ मिलिमीटर! ०.०५ च्या आत असता तर मी काळजी केली नसती. मग अ‍ॅक्शनच्या तळाला निळा रंग लावून ती बसवली, पुन्हा उचलली. स्टॉकवर डाग, म्हणजे अ‍ॅक्शन टेकल्याची खूण, फक्त मागच्या स्क्रूपाशी आणि मध्ये एका उंचवट्यावर. म्हणजे स्क्रू आवळले की अ‍ॅक्शन त्या उंचवट्यावर वाकत होती.

काम लायसन्सधारक गनस्मिथकडे दिलं. त्यांनी उंचवटा घासला, इपॉक्सी चिकटू नये म्हणून अ‍ॅक्शनला रिलीज एजंट लावला, स्क्रूची भोकं मातीने बुजवली आणि स्टीलपूड मिसळलेल्या इपॉक्सीचा पातळ थर दिला. इपॉक्सी सुकेपर्यंत स्क्रू नुसते टेकवलेले होते. हे फार महत्त्वाचं, कारण तेव्हाच आवळले तर तोच वाक कायमचा बसतो. नंतर काटा ०.०२ वर आला आणि ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) पुन्हा दहात बसू लागला. आता रायफल उघडली की स्क्रू टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळतो, कंपनीने दिलेल्या आकड्यावर.

ऐरोलीच्या एका मित्राकडे हाच स्टॉक आहे, रायफल वेगळी. त्याच्याकडे काटा जेमतेम हलला. बेडिंग न करताच तो उत्तम मारतो, आणि त्याने ते करूही नये.